शहरातला व्हाळ तपासायचाय? आधी दगड उलटा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की कुडाळात वस्तीतून जाऊन भंगसाळ नदीला मिळणाऱ्या व्हाळाचं (म्हणजे ओढ्याचं) पाणी लॅबला दिलं, पीएच सात, टीडीएस (विरघळलेले क्षार) ९०, रिपोर्ट ओके, पण संध्याकाळी वास मारतो, मग व्हाळ बरा आहे की मेलाय.

त्या कागदावरून कोणाशी भांडू नका, त्यात तुमच्या प्रश्नाचं उत्तरच नाहीये. जांभ्यातून झिरपून येणाऱ्या पाण्यात क्षार मुळातच कमी असतात, त्यामुळे ९० टीडीएसचं कौतुक नको. त्याच मीटरने वस्तीच्या वर मोजा, तिथे समजा ३५ आले तर मधे काहीतरी मिसळतंय. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन तर बाटली लॅबला नेऊन कळतच नाही, तो जागेवर मोजायचा किंवा जागेवरच केमिकल टाकून फिक्स करायचा, आणि तोही पहाटे. दुपारी शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडत असतं म्हणून घाणेरड्या व्हाळातही आकडा झकास येतो, रात्रभर तेच शेवाळ आणि गाळातले जंतू तो खात राहतात आणि उजाडायच्या आधी काय उरलं ते खरं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आंघोळीच्या पाण्याला लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम, माशांसाठी ४. आणि ३० डिग्रीच्या पाण्यात मावतोच मुळी साडेसातच्या आसपास, म्हणजे घसरायला जागा फारशी नाहीच.

माझं मत विचाराल तर पाण्यापेक्षा तळातल्या किड्यांना विचारा, ते महिनोन्महिने तिथेच असतात, रात्री अडीचला कोणी टँकर ओतून गेला तरी त्यांना पळून जाता येत नाही. दोन काठ्यांना मच्छरदाणीचं कापड ताणून बांधा, एकाने ते प्रवाहात आडवं धरायचं, दुसऱ्याने वरच्या बाजूला पायाने तळ ढवळायचा, तीनेक मिनिटं, आणि कापडावर आलेलं पांढऱ्या ट्रेमध्ये थोड्या पाण्यात सोडायचं. शिवाय पाच-सहा दगड हाताने उलटा. चांगल्या व्हाळात दगडाच्या खालच्या अंगाला चपटे, पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ले हलवणारे, बहुतेक तीन शेपट्यांचे किडे चिकटलेले दिसतील, ती मेफ्लायची पिल्लं. वाळूचे कण चिकटवून केलेली छोटी नळी दिसली आणि ती चालायला लागली तर कॅडिसफ्लाय. दोन शेपट्यांचा स्टोनफ्लाय मिळाला तर मग पार्टी द्या. उलट ट्रेमध्ये नुसत्या लालभडक अळ्या वळवळत असतील (त्यांच्या अंगात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं म्हणून कमी ऑक्सिजनमध्ये तगतात) आणि जोडीला दोऱ्यासारखे गाळातले किडे, तर उत्तर मिळालं. पृष्ठभागावर धावणाऱ्या निवळ्या आणि डासांच्या अळ्या मात्र मोजू नका, त्या हवेतून श्वास घेतात, गटारातही मजेत असतात.

यालाच नंतर मार्क द्यायची पद्धत आहे, ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात निघाली, किड्याच्या कुळाला १ ते १०, आपल्या केंद्रीय प्रदूषण मंडळानेही ती इथल्या किड्यांसाठी बदलून घेतलीय. पण सुरुवातीला मार्कांच्या मागे लागू नका, वरची जागा आणि खालची जागा यातला फरक बघा. दोन्हीकडे तळ सारखा हवा, म्हणजे गोटे आणि खळखळाट. वर गोट्यांचा तळ आणि खाली काँक्रीट केलेला नाला अशी तुलना केलीत तर किडे घाणीमुळे गेले की राहायला जागाच नाही म्हणून गेले, हे कधीच कळणार नाही. मालवण-वेंगुर्ल्याकडच्यांनी भरतीचं पाणी चढतं त्याच्या वरच बघायचं, खाऱ्या पाण्यातला हिशेबच वेगळा.

पाण्यावर तेलासारखा तवंग आणि तांबूस गाळ दिसला की लोक लगेच गॅरेजवाल्याला शिव्या घालतात. आधी काडीने ढोसा. तवंगाचे काचेसारखे तुकडे झाले आणि ते तसेच वेगळे राहिले तर ते लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचं काम, जांभ्याच्या मुलखात नेहमीचंच, फिरून परत जुळला तर मात्र ऑइल.

मासे दिसतात म्हणून खूश होणारेही खूप. कुठले मासे ते बघा ना. गप्पी डासांसाठी सोडलेले असतात, ते कशातही जगतात. त्यापेक्षा जुन्या माणसांना विचारा, पहिल्या पावसात चढणीचे (प्रवाहाविरुद्ध वर चढणारे) मासे कुठपर्यंत यायचे आणि आता कुठे अडतात. बऱ्याचदा अडण्याची जागा म्हणजे रस्त्याखालच्या मोरीचा स्लॅब निघतो, जिथून पाणी दोन फूट खाली पडतं, त्याचा घाणीशी काही संबंध नसतो. मग पाणी कितीही स्वच्छ केलंत तरी मासे वर येणार नाहीत. काठाला करंज, जांभूळ, केवडा उरलाय की सरळ भिंतच आहे तेही लिहून ठेवा.

वेळ म्हणाल तर पावसाळ्यात नको, लोंढ्याने तळ धुऊन निघालेला असतो आणि आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) काही नवा नाही. एरवीसुद्धा गमबूट-हातमोजे घालाच, पायाला जखम असेल तर उतरू नका. नोव्हेंबर-डिसेंबरात एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा करा, एप्रिलात डोंगराचं पाणी आटतं आणि व्हाळात जे वाहतं ते बेसिन-बाथरूमचं, तेव्हा खरं चित्र दिसतं.

ट्रेचे फोटो वरून सरळ काढा, बाजूला पट्टी ठेवा, वरच्या आणि खालच्या जागेचे वेगवेगळे टाका, कोण कोण आहे ते ओळखून सांगतो.