१२८ विरुद्ध ११३ एवढ्यावर निकाल लावू नका

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगच्या २०२२-२३ च्या मोसमातले एडमंटनचा ड्रायसायटल (१२८ गुण) आणि बॉस्टनचा पास्तर्नाक (११३) तुम्ही समोरासमोर ठेवलेत, सरस कोण ते ठरवायला. गुण म्हणजे गोल आणि गोलाला केलेलं साहाय्य यांची बेरीज. गुणांत पहिला पुढे, प्लस-मायनसमध्ये (खेळाडू बर्फावर असताना संघाने केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांचा फरक) दुसरा, म्हणून अडलात. ही अडचण जुनी आहे. सामने ८० आणि ८२, तेव्हा प्रतिसामना सरासरीही वेगळं काही सांगत नाही.

मेख पॉवर प्लेमध्ये आहे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर बसल्याने आपले खेळाडू जास्त असतात त्या वेळात. ड्रायसायटलच्या ५२ गोलांपैकी ३२ तिथले, पास्तर्नाकच्या ६१ पैकी १८. ते वजा केलेत की उरतात २० आणि ४३. त्या वर्षी एडमंटनचा पॉवर प्ले ३२.४ टक्क्यांवर होता (इतक्या संधींवर गोल झाला), एनएचएलच्या इतिहासातला तोवरचा सर्वोच्च, आणि जोडीला संघातला स्टार मॅकडेव्हिड. म्हणून ते गोल फुकटचे ठरत नाहीत, तिथे गोल मारणं हेही कसबच. फक्त दोन वेगळ्या कामांची बेरीज करू नका.

आता सगळ्यात महागात पडणारी गोष्ट. एका लोकप्रिय साइटवर (नाव घेत नाही) फाइव्ह-ऑन-फाइव्हचा (दोन्हीकडे पाच-पाच खेळाडू असतानाचा) फिल्टर लावून फाइल उतरवली की गुण गाळले जातात, मिनिटं मात्र एकूणच राहतात. भाजक फुगतो, आणि ज्याला पॉवर प्लेची मिनिटं जास्त तो दर ६० मिनिटांच्या हिशेबात उगाच दुबळा दिसतो. त्यांना कळवलं तर ‘मदत पान वाचा’ एवढंच उत्तर येतं. मदत पानावर याबद्दल अक्षर नाही! पडताळा सोपा आहे: पहिल्या फळीतल्या फॉरवर्डची (आक्रमक खेळाडूची) फाइव्ह-ऑन-फाइव्ह मिनिटं सामन्यामागे साधारण १३ ते १६ असतात. २१ दिसली तर फाइल चुकीची समजा.

जाता जाता: खेळलेला वेळ १८:३० (मिनिटं:सेकंद) असा असतो, एक्सेल त्याला घड्याळाची वेळ समजतो. २४ ने गुणा, मग १८.५ मिनिटं मिळतील. त्याऐवजी चुकून १८.३० टाइप करणारे पुष्कळ सापडतात.

शॉट्सची टक्केवारीही बघा, म्हणजे किती शॉट्सचे गोल झाले. ड्रायसायटल २४७ शॉट्समध्ये ५२ गोल, म्हणजे २१ टक्के. पास्तर्नाक ४०७ मध्ये ६१, म्हणजे १५. पुढच्या वर्षीचा अंदाज बांधताना लीगच्या सरासरीकडे ओढू नका, त्या खेळाडूच्या मागच्या तीन मोसमांकडे ओढा. ड्रायसायटलची टक्केवारी एरवीही सरासरीपेक्षा बरीच वर असते. माझं हे मत आहे, नियम नव्हे.

प्लस-मायनस तर मी सरळ वगळतो. पॉवर प्लेवर केलेल्या गोलाचा प्लस मिळत नाही, पण त्याच वेळी प्रतिस्पर्ध्याने गोल केला तर मायनस बसतो. रिकाम्या जाळीतले गोलही त्यात धरतात. शिवाय पास्तर्नाकचा बॉस्टन त्या मोसमात ६५ सामने जिंकला होता, म्हणजे त्याच्या प्लसमध्ये संघाचाही वाटा आहे.