मागे काय वाजत होतं?

गेल्या अंकात आम्ही एवढंच विचारलं होतं की तुम्ही अलीकडे कुठला पिक्चर बघितला आणि गाणी सोडून त्यातलं कुठलं म्युझिक डोक्यात राहिलं. वाटलं होतं चारदोन पत्रं येतील, पण आली भरपूर, आणि बहुतेकांनी नुसतं "आवडलं" न लिहिता प्रश्न विचारलेत, त्यामुळे यावेळचं अख्खं सदर बॅकग्राउंड म्युझिकलाच दिलंय.

प्रश्न (खेड, जि. रत्नागिरी): 'तुंबाड' 2018 मध्ये आला तेव्हा बघायचा राहिला, 2024 ला परत लागला तेव्हा थेटरात बघितला. नाव आमच्याच भागातलं म्हणून गेलो होतो पण घरी येईपर्यंत डोक्यात पाऊस आणि ते म्युझिक एवढंच होतं, दोन्ही वेगळं करता येत नव्हतं. हे कोणी केलंय? कोणी कोकणातलं आहे का?

उत्तर: नाही दादा, कोकणातलं तर नाहीच, भारतातलंही नाही. टायटलचं गाणं अजय-अतुलचं आहे पण बॅकग्राउंड स्कोअर जेस्पर किड यांचा, हे मूळचे डेन्मार्कचे आणि त्यांचं नाव झालं ते व्हिडिओ गेम्समुळे, 'हिटमॅन' आणि 'असॅसिन्स क्रीड' खेळलेल्या पोरांना विचारा, लगेच ओळखतील.

आणि मला वाटतं तुम्हाला जे जाणवलं त्याचं कारण इथेच आहे. पिक्चरमध्ये सीन दोन मिनिटांचा असेल तर म्युझिकही दोन मिनिटांचं, कुठे चढायचं कुठे उतरायचं सगळं ठरलेलं. गेममध्ये तसं नसतं, खेळणारा एका खोलीत दोन मिनिटं थांबेल की वीस मिनिटं हे कोणालाच माहीत नसतं, म्हणून तिथे म्युझिक घटनेचं करून भागत नाही, जागेचं करावं लागतं. 'तुंबाड'मध्ये तो वाडा 1918 मध्ये दिसतो, मग 1933, मग 1947, माणसं बदलतात, वाडा तोच. परत एकदा बघाल तेव्हा एक करा, पिक्चरचा नायक विनायक वाड्याच्या दारात येतो तिथून आत जाईपर्यंत फक्त कानाने बघा. कोणीतरी अंगावर येणार म्हणून दचकवणारं म्युझिक पिक्चरमध्ये आहेच, पण त्याच्या खाली जो जाड, ओला सूर चालू असतो ना, तो वाड्याचा आहे असं मला प्रत्येक वेळी वाटतं. पावसापासून वेगळा काढता येत नाही तो हाच.

प्रश्न (पुणे): 'इंटरस्टेलर' फेब्रुवारी 2025 मध्ये परत आयमॅक्सला आला तेव्हा मित्रांबरोबर गेले होते. ऑर्गनने अंगावर काटा आला हे खरं, पण काही ठिकाणी माणसं काय बोलतायत तेच ऐकू येत नव्हतं. मित्र म्हणतात साउंड सिस्टिमचा प्रॉब्लेम, मी म्हणते मुद्दाम केलंय. कोण बरोबर?

उत्तर: तुम्ही बरोबर. 2014 मध्ये पहिल्यांदा लागला तेव्हाही हीच तक्रार जगभरातून झाली होती आणि ख्रिस्तोफर नोलन यांनी तेव्हाच सांगितलं होतं की काही ठिकाणी संवाद हासुद्धा एक आवाज म्हणून वापरलाय, प्रत्येक शब्द कळलाच पाहिजे असं धरलेलं नाही. मला ते सगळीकडे पटत नाही. यान उडतंय, सगळं थरथरतंय तिथे शब्द बुडाले तर चालतं, पण म्हातारा माणूस शेवटचं काहीतरी सांगतोय आणि आपण मान पुढे काढून ऐकतोय, तिथे मला त्रास होतो.

ऑर्गनबद्दल मात्र थोडं जास्त लिहू द्या. हान्स झिमर यांनी लंडनच्या टेंपल चर्चमधला खराखुरा पाइप ऑर्गन वापरला, वाजवला तिथल्याच रॉजर सेयर यांनी. आपल्याकडे संगीत नाटकाला ऑर्गन असायचा, आजीआजोबांनी बघितला असेल, पायाने भाता मारायचा आणि आत हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पत्त्या, म्हणजे पेटीचीच मोठी बहीण. चर्चमधल्या ऑर्गनमध्ये सूर निघतो नळ्यांमधून, काही नळ्या माणसापेक्षा कितीतरी उंच, आणि त्या सगळ्या हवेवर चालतात. हवा संपली की सूर संपला. अंतराळातल्या माणसाचा जीव कशावर टांगलेला असतो? हवेवरच. हेल्मेटमधला श्वास आणि ऑर्गनचा श्वास एकच होऊन जातो, आणि त्यात झिमर यांना सुरुवातीला नोलननी पिक्चर अंतराळाचा आहे हे सांगितलंच नव्हतं, बाप आणि मुलाच्या नात्याबद्दल टाइप केलेलं एक पान दिलं आणि म्हणाले यावर काहीतरी करा. झिमर स्वतः बाप, त्यांनी एका दिवसात पियानोवर छोटीशी चाल केली, आणि एवढा अवाढव्य पिक्चर त्या चालीवर उभा आहे. म्हणून तो ऑर्गन कितीही मोठ्ठा झाला तरी घरातलाच वाटतो.

प्रश्न (बार्शी): मुलगी आता सोळाची झाली म्हणून तिला 'सैराट' दाखवला. शेवटी ती रिमोट घेऊन आवाज वाढवायला लागली, म्हणाली बाबा टीव्ही म्यूट झाला. मला काही बोलताच आलं नाही. तिथे म्युझिक का नाही हे तिला नीट सांगायचंय, कसं सांगू?

उत्तर: काका, तुमचं पत्र तीनदा वाचलं.

मी 'सैराट' 2016 च्या मे महिन्यात बघितला, एका जुन्या सिंगल स्क्रीनमध्ये, एसी बंद, भिंतीवरचे पंखे चालू. 'झिंगाट' लागलं तेव्हा पब्लिक खुर्च्या सोडून पडद्यासमोर गेलं होतं, नाचून नाचून धूळ उडाली होती, प्रोजेक्टरच्या झोतात ती दिसत होती. तीच माणसं शेवटी बसली होती. ते लहान लेकरू आत जातं, बघतं, बाहेर येतं, तोंड उघडं, रडतंय, आणि आवाज नाही. पाऊल उमटतं त्याचा आवाज नाही. मला ऐकू येत होते फक्त ते पंखे, आणि माझ्या मागच्या रांगेत कोणीतरी वेफर्सचं पाकीट हातात धरलं होतं ते एकदाच चुरचुरलं आणि थांबलं. नावं वर सरकायला लागली तरी आवाज नाही. कोणी उठलं नाही.

मुलीला असं सांगून बघा की याच पिक्चरच्या गाण्यांसाठी अजय-अतुल अमेरिकेत लॉस एंजेलिसला गेले होते, सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर, म्हणजे पिक्चरचं म्युझिक रेकॉर्ड करायच्या मोठ्या स्टुडिओत, सिम्फनी ऑर्केस्ट्रा बसवून रेकॉर्डिंग केलं, मराठी पिक्चरसाठी तोवर असं कोणी केलेलं नव्हतं. पोरगा विहिरीत उडी मारतो, पोरगी बुलेट चालवते, आणि मागे केवढीतरी व्हायोलिन्स उचंबळून येतात, का, तर प्रेमात पडलेल्या पोरांना आतून तसंच वाटत असतं. म्हणजे ते म्युझिक आर्ची-परशाच्या आतलं आहे. ते दोघं गेल्यावर ते कोणाच्या आत वाजणार? तिथे करुण सारंगी लावली असती तर आपण रडलो असतो आणि मोकळे होऊन घरी गेलो असतो, नागराज मंजुळेंनी मोकळं होऊ दिलं नाही. तिने रिमोट उचलला म्हणजे तिला तो आवाज हवा होता. काका, तिला सगळं कळलंय.

प्रश्न (नागपूर): नॅशनल अवॉर्डला बॅकग्राउंड म्युझिकसाठी वेगळं बक्षीस असतं का?

उत्तर: असतं. नव्वदच्या दशकातला थोडा काळ सोडला तर आधी संगीताला एकच होतं, 'जोगवा'साठी अजय-अतुलना मिळालं ते तसंच. पुढच्याच वर्षीपासून, म्हणजे 2009 च्या पुरस्कारांपासून, गाण्यांचं वेगळं आणि बॅकग्राउंडचं वेगळं झालं, आणि त्या वर्षी बॅकग्राउंडचं गेलं इळैयाराजांना, मल्याळम 'पळश्शी राजा'साठी.

प्रश्न (मडगाव, गोवा): माझे आजोबा मुंबईत हिंदी पिक्चरच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचे, साधारण साठच्या दशकापासून. परवा टीव्हीवर एक जुना पिक्चर चालू होता, एका सीनला आईने आवाज वाढवला आणि म्हणाली, यात पप्पा आहेत. श्रेयनामावलीत नाव शोधलं, अर्थातच नाही. असं का होतं? आणि आता शोधायचं म्हटलं तर काही मार्ग आहे का?

उत्तर: हा प्रश्न आला याचा मला मनापासून आनंद झाला, कारण यावर फार कमी बोललं जातं.

तुमच्या आजोबांची अख्खी पिढीच तशी आली. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना सोल्फेज म्हणजे नोटेशन, कागदावर लिहिलेले सूर, वाचायला शिकवायचे, सोबत व्हायोलिन, आणि मुंबईत म्युझिक डायरेक्टर पेटीवर चाल बांधायचे, ती तोंडी असायची. तीस-चाळीस माणसांनी एकाच वेळी वाजवायचं तर कोणीतरी कागदावर उतरवावं लागतं आणि समोरच्यांना तो कागद वाचता यावा लागतो, हे दोन्ही गोव्याच्या लोकांना येत होतं. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, शंकर-जयकिशनचे अरेंजर सेबॅस्टियन डिसूझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ही त्यातलीच नावं. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल लहानपणी व्हायोलिन शिकले ते याच गोन्साल्विस सरांकडे, आणि 1977 मध्ये 'अमर अकबर अँथनी'त ते नाव गाण्यात आलं ते गुरूची आठवण म्हणून. देश ते गाणं म्हणतो, पण त्या नावाचा खरा माणूस होता हे कितीजणांना माहीत असतं?

बॅकग्राउंडचं काम गाण्याहून वेगळं चालायचं, एडिट झालेलं रीळ समोर पडद्यावर लावायचे, एक रीळ म्हणजे साधारण दहा-अकरा मिनिटं, म्युझिक डायरेक्टर किंवा अरेंजर सीन बघून तिथल्या तिथे लिहायचा, वादक वाचून घ्यायचे, आणि पडद्यावर दार उघडलं की तारेवर व्हायोलिनचा बो पडला पाहिजे. एकाचं चुकलं की सगळ्यांचं परत, कारण सगळं एकत्रच रेकॉर्ड व्हायचं. दिवस संपला की पैसे घ्यायचे आणि उद्या दुसरा स्टुडिओ, दुसरा पिक्चर, त्यामुळे कित्येकांना आपण कशात वाजवलंय त्याचं नावही कळायचं नाही. पडद्यावर म्युझिक डायरेक्टरचं नाव, फार तर असिस्टंटचं.

आता शोधायचं तर कागदापेक्षा माणसांकडून जा. मुंबईत सिने म्युझिशियन्स असोसिएशन आहे, तिथे विचारून बघा. घरात जुने फोटो असतील तर प्रत्येकामागे पेन्सिलीने नावं लिहून काढा, कोण कुठे बसलंय, स्टुडिओ कुठला, ताडदेवचं फिल्म सेंटर की मेहबूब, हे ओळखणारी माणसं अजून आहेत पण थोडी आहेत. आणि सगळ्यात आधी आईला त्या पिक्चरसमोर बसवून तिचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. तिने नाव न वाचता व्हायोलिन ओळखलं, तिला आणखी कितीतरी पिक्चर असे माहीत असतील. जे हाती लागेल ते आम्हाला पाठवा, या पानावर आजोबांचं नाव छापू.

प्रश्न (ठाणे): हल्ली प्रत्येक पिक्चरला बॅकग्राउंड एवढं मोठ्याने का असतं? मी 68 वर्षांची आहे, कानात बोळे घालून बसावं लागतं.

उत्तर: मावशी, यात दोन गोष्टी आहेत. एक, ऐतिहासिक आणि मारामारीच्या पिक्चरमध्ये पहिल्या मिनिटापासून ढोल आणि कोरस शंभर टक्के चालू ठेवायची सवय लागलीये, मग खरी लढाई येते तेव्हा वाढवायला काही उरतच नाही, मला स्वतःला याचा फार कंटाळा येतो. दुसरी गोष्ट थेटरची. आवाजाच्या मशीनवर आकडे असतात, मिक्सिंग करणारे 7 आकडा धरून काम करतात, पण प्रत्यक्षात किती ठेवायचं हे थेटरवाल्यांच्या हातात असतं. खूपच वाटलं तर इंटरव्हलला जाऊन मॅनेजरला सांगा, लाजू नका. कमी करतात, मी करून घेतलंय.

प्रश्न (जळगाव): कॉलेजच्या स्पर्धेसाठी 12 मिनिटांची शॉर्टफिल्म केलीये, आई वारल्याची बातमी मुलाला फोनवर कळते असा सीन आहे. म्युझिकला बजेट शून्य. नेटवरून एखाद्या पिक्चरचं सॅड म्युझिक उचलून लावलं तर चालेल का? मित्र म्हणतात कोणाला कळत नाही.

उत्तर: नको लावूस. एक तर ते दुसऱ्याचं आहे, परवानगी लागते, स्पर्धेतून बाद होशील. पण त्याहून मोठं कारण म्हणजे ते म्युझिक दुसऱ्या कुठल्यातरी आईसाठी केलेलं आहे.

'पथेर पांचाली' बघितलायस का, 1955 चा, सत्यजित रे यांचा? त्यात बाप खूप दिवसांनी घरी येतो, पोरीसाठी साडी आणलेली असते, आणि पोरगी गेलेली आहे हे त्याला माहीत नसतं. तो साडी आईच्या हातात देतो, आणि ती कोसळते, पण तिच्या रडण्याचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही, त्या जागी तारशहनाईवर, म्हणजे बोने वाजवायच्या तारांच्या वाद्यावर, वरच्या पट्टीत पटदीप राग येतो. वाद्य एकच, दक्षिणामोहन टागोर यांनी वाजवलेलं. संगीत रविशंकरांचं, त्यांना वेळ नव्हता म्हणून जवळपास सगळं एका रात्रीत बसून रेकॉर्ड केलं. एका वाद्याने झालं ते, पण ते वाद्य रडण्याच्या सोबत नाही वाजत, रडण्याच्या जागी वाजतं, हे बघ नीट.

तुझ्याकडे तारशहनाई नाही, ठीक आहे. मुलगा फोन घेतो त्या खोलीत परत जा, सगळ्यांना बाहेर काढ, मोबाइल ठेव आणि दोन मिनिटं रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड कर, याला रूम टोन म्हणतात, फ्रिज, पंखा, खालचा रस्ता जे काय येईल ते. तो सीनच्या खाली लाव. मग बघ स्वयंपाकघरात काय चालू असू शकतं, कुकर लावलेला असेल? बातमी कळते, मुलगा काहीच बोलत नाही, आणि शिट्टी होते. कोणीतरी उठून गॅस बंद करायला पाहिजे, आणि कोणी उठत नाही, दुसरी शिट्टी होते. आधी हे करून बघ, एडिट पाठव, ऐकतो मी.