एकाच शनिवार-रविवारी तीन कार्यक्रम

प्रश्न : उन्हाळ्यात एकाच सुट्टीत खुल्या मंचावर नृत्य, संग्रहालयात प्रदर्शन आणि शहराबाहेर लोककला महोत्सव येतो. सगळीकडे धावतो आणि धड काहीच बघून होत नाही. निवड कशी करावी?

उत्तर : पुन्हा न होणारं काय, ते आधी ठरवा. प्रदर्शन बरेच दिवस चालतं. ते भर दुपारसाठी ठेवा, पण शेवटच्या दोन दिवसांवर ढकलू नका, तेव्हाच गर्दी उसळते.

खुल्या मंचाची दिशा नकाशावर जरूर पाहा. प्रेक्षकांची तोंडं पश्चिमेला असतील तर मावळतीचं ऊन थेट डोळ्यांत येतं. मग सूर्यास्तानंतरचंच सत्र घ्या. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मंचापासून १०० मीटर मागे बसलात, तर नर्तकीचं पाऊल पडलेलं आधी दिसतं आणि ठेका पाव सेकंदाहून उशिरा ऐकू येतो. नृत्याची सगळी गंमत तिथेच जाते, म्हणून पुढचीच जागा धरा. गाण्याला मात्र ध्वनिसंयोजकाच्या टेबलाजवळ बसावं, कारण आवाजाचा मेळ तो तिथूनच ऐकून साधतो.

महोत्सवाचं तिकीट काढण्याआधी परतीची शेवटची गाडी बघा. जाण्यायेण्यात कार्यक्रमापेक्षा जास्त वेळ जात असेल, तर आमच्या मते तो बेत सोडावा किंवा मुक्कामच करावा. पाऊस आला तर पैसे परत मिळतात की फक्त तारीख बदलते, हेही तिकिटावर वाचा.