शिंगाच्या मुठीची कस्टम सुरी घेताना आधी मूठ बघा

तुमचा प्रश्न असा आहे: फॅक्टरीतले चाकू बरेच जमले, आता हाताने बनवलेल्या, हरणाच्या शिंगाची मूठ असलेल्या कस्टम सुऱ्या जमवायच्या आहेत, तर पहिली घेताना पोलाद बघायचं की कारागिराचं नाव? माझ्या मते दोन्हीच्या आधी मूठ बघा.

पोलादाची आज फारशी काळजी राहिलेली नाही. १०८४ असो, ओ-१ असो की स्टेनलेसमधलं सीपीएम-१५४, कारखान्यातून ते ठरलेल्या मिश्रणाचंच येतं. तापमान धरून ठेवणाऱ्या भट्ट्या छोट्या वर्कशॉपमध्येही असतात, त्यामुळे पात्याला पाणी देण्याचं काम पूर्वीसारखं अंदाजपंचे होत नाही. शिंगाचं मात्र वेगळं. ते जसं येईल तसं घ्यावं लागतं: वाकडं, एका अंगाला फुगलेलं, कुठे भरीव तर कुठे जाळीदार. सबंध सुरीत कारागिराने स्वतः न घडवलेला तेवढा एकच भाग असतो, आणि त्याच्याशी त्याने कसं जमवून घेतलं यावरून त्याचा हात कळतो.

आधी हे शिंग म्हणजे काय ते थोडं. गाई-म्हशींचं शिंग केराटिनचं, म्हणजे आपल्या नखांच्या जातीचं, आणि ते जन्मभर डोक्यावर राहतं. हरणाचं शिंग हे चक्क हाड असतं. नराला ते दरवर्षी येतं आणि गळून पडतं. वाढत असताना त्यावर मखमली कातडी असते, तिच्यातून रक्त फिरतं. वाढ पुरी झाली की कातडी सुकते आणि हरीण ती झाडांवर घासून काढतं. मुठीवर ज्या लांबट खोबणी आणि गाठी दिसतात, त्यांत त्या रक्तवाहिन्यांच्या वाटाही असतात. तपकिरी रंग बराचसा या घासाघाशीत झाडांच्या चिकातून आणि मातीतून चढलेला असतो. तो फक्त वरच्या सालीत मुरतो, खाली हाड पांढरंच असतं. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचं सगळं सोपं जाईल.

आडवा काप घेतला तर बाहेर घट्ट हाड आणि मधे स्पंजासारखा गाभा दिसतो. गाभा जितका लहान तितकी मूठ टिकाऊ. सांबराच्या शिंगाला एवढा मान आहे तो याचमुळे: गाभा लहान, भिंत जाड, वरच्या खोबणी खोल. युरोपातल्या लाल हरणाचं शिंगही चांगलं असतं. अमेरिकेतल्या वापिटीचं म्हणजे एल्कचं शिंग आकाराने भलं मोठं, पण गाभाही मोठा, त्यामुळे त्याच्या चपट्या पट्ट्या काढल्या की मागच्या बाजूने भोकं उघडी पडतात. शहाणा कारागीर ती पातळ एपॉक्सी किंवा सुपरग्लू जिरवून बंद करतो. आळशी कारागीर पॉलिश मारून मोकळा होतो.

आता सुरी हातात घेतल्यावर काय करायचं. मी पात्याकडे बघायच्या आधी गार्ड (पातं आणि मूठ यांच्या मधली धातूची आडवी पट्टी) आणि शिंग जिथे भेटतात ती रेघ बघतो. गार्ड पितळेचा असो, निकेल सिल्व्हरचा असो की स्टीलचा, तो सपाट आणि काटकोनात असतो. शिंग मात्र गोलही नसतं आणि सरळही नसतं. दोघांचा मेळ बसवायला कारागिराला काहीतरी घासावंच लागतं. शिंग जास्त घासलं की साल जाऊन पांढरा पट्टा उघडा पडतो, कमी घासलं की पायरी राहते, बोट फिरवलं की लागते. सुरी दिव्यासमोर आडवी धरून हळूहळू फिरवा. उजेडाची तिरीप आरपार दिसली तर ती खाली ठेवा. काळी जाडसर रेघ दिसली तर तिथे गोंदाने फट बुजवली आहे. चांगल्या कामात शिंगाची कड गार्डला पूर्ण गोलाईत चिकटलेली असते आणि रंग शेवटच्या मिलिमीटरपर्यंत उतरत जातो, मधेच तुटत नाही. काही जण गार्डचाच बाहेरचा आकार शिंगाच्या वेड्यावाकड्या कडेप्रमाणे घडवतात. हे काम वेळखाऊ आहे, आणि ते दिसलं की मी पैशांवरून फार घासाघीस करत नाही.

दोन पट्ट्यांची मूठ असेल, म्हणजे मधे पूर्ण रुंदीचा टँग (पात्याचा मुठीत जाणारा पोलादी भाग) आणि दोन्ही बाजूंनी शिंग पिनांनी ठोकलेलं, तर दोन्ही पट्ट्या एकाच शिंगाच्या आहेत का ते बघा. रंग आणि खोबणींची खोली यांवरून कळतं. मग पिनांवरून अंगठा फिरवा. पिन वर आलेली जाणवली तर शिंग नंतर आकसलं आहे, म्हणजे ते पुरतं वाळण्याआधीच बसवलं होतं. पिनेपासून कडेकडे जाणारी केसासारखी रेघ असेल तर त्यावर नख आडवं ओढा. नख अडकलं की ती चीर समजायची. अशी चीर पुढे वाढत जाते, विकणाऱ्याने ‘नैसर्गिक रेघ आहे’ म्हटलं तरी.

बनावट माल ओळखणं त्यामानाने सोपं आहे. साच्यातलं रेझिन असेल तर टोकाला कुठेच छिद्रं दिसत नाहीत आणि बऱ्याचदा दोन्ही बाजूंची नक्षी हुबेहूब सारखी असते. तापलेली सुई टेकवायचा जुना उपाय सगळे सांगतात, पण दुसऱ्याच्या सुरीला डाग पाडून तुम्ही तिथून हसतमुखाने निघू शकणार नाही. गुरांच्या हाडावर यंत्राने खाचा पाडून केलेली मूठ ही वेगळी गोष्ट. इंग्लंडमधल्या शेफील्डचे चाकूवाले शिंगाला स्वस्त पर्याय म्हणून ती फार पूर्वीपासून वापरत आले. तिला हाड म्हणून विकलं तर काहीच हरकत नाही. रंग चढवणं हाही गुन्हा नाही. फिकट शिंगाला पोटॅशियम परमँगनेटचं पाणी लावून किंवा गॅसच्या टॉर्चने हलकं भाजून तपकिरी करतात. मात्र खोबणीही तपकिरी आणि उंचवटेही तितकेच तपकिरी असतील तर विचारा, आणि ‘हो, रंगवलंय’ असं सरळ उत्तर देणाऱ्याकडे पुन्हा जा.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: शिंग आलं कुठून? सांबर गळालेली शिंगं रानात टाकून जातं, तेव्हा कुणाला काय त्रास, असं पुष्कळांना वाटतं. भारतातून ही शिंगं एके काळी गोण्या भरभरून बाहेर जात, शेफील्डच्या मुठी त्यांवरच चालायच्या. पण गळालेलं कुठलं आणि मारून काढलेलं कुठलं हे गोणीत कोण बघणार? १९९० च्या दशकात निर्यात बंद झाली. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिंग हे ट्रॉफीच्या, म्हणजे वन्यप्राण्यापासून मिळालेल्या वस्तूच्या, व्याख्येतच येतं, म्हणजे रानात पडलेलं सापडलं म्हणून उचलून घरी नेलं हा बचाव चालत नाही. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीत सांबर २००८ पासून असुरक्षित गटात आहे. त्यामुळे ‘बंदीच्या आधीचा स्टॉक’ असं कुणी सांगितलं की कागद मागा, आणि कागद नसेल तर लाल हरणाचं किंवा एल्कचं शिंग घ्या. भारताबाहेर घेतलेली सांबर किंवा चितळाच्या शिंगाची सुरी भारतात नेण्याचा विचार तर करूच नका, बॅगेतून नाही आणि कुरिअरनेही नाही.

शिंग गळालेलं होतं का हे मुकुट असलेल्या मुठीवर कधीकधी कळतं. शिंगाच्या बुडाशी जो खडबडीत कंगोरा असतो त्याला मुकुट म्हणतात, आणि तो मुठीच्या टोकाला ठेवलेली सुरी जमवणाऱ्यांना फार आवडते. आपोआप गळालेल्या शिंगाचं बूड किंचित फुगीर आणि दाणेदार असतं. कवटीपासून कापलेल्याला करवतीचा सपाट काप असतो. कारागिराने ते बूड घासून गुळगुळीत केलं असेल तर मात्र हा पुरावा गेला.

नावांबद्दल. अमेरिकेत या छंदाची सुरुवात सांगताना विल्यम स्केगल हे नाव घ्यावंच लागतं. मिशिगनमधला हा एकांडा माणूस मुठीत चामड्याच्या चकत्या रचून टोकाला शिंगाचा तुकडा लावायचा. १९३० च्या दशकात बो रँडल सुट्टीवर असताना त्यांना एक जण सुरीने बोटीचा रंग खरवडताना दिसला आणि तरी पात्याची धार शाबूत होती. ती सुरी स्केगलची. रँडलनी ती घेतली आणि फ्लोरिडात परतून स्वतःच सुऱ्या बनवायला लागले. पुढे १९५० च्या दशकात बॉब लव्हलेसना न्यूयॉर्कमध्ये रँडलची सुरी हवी होती; दुकानात महिनोन्‌महिने थांबा म्हणाले, तेव्हा त्यांनी भंगारातल्या गाडीच्या स्प्रिंगची सुरी स्वतःच घासून काढली. पुढे त्यांच्या ड्रॉप पॉइंट हंटरची, म्हणजे टोक किंचित खाली उतरलेल्या शिकारी सुरीची, नक्कल न केलेला कारागीर शोधावा लागेल. या मंडळींच्या सुऱ्या पहिल्या खरेदीसाठी नाहीत. किमती तर सोडाच, लव्हलेसच्या नकला इतक्या फिरतात की मागचा मालक, त्याच्या मागचा मालक अशी साखळी हातात असल्याशिवाय घेऊ नये. जुन्या सुरीची मूठ बदललेली असणंही नेहमीचं. पातं चाळीस वर्षांचं आणि शिंगाच्या कडा कालच्यासारख्या धारदार दिसत असतील तर काय झालंय ते ओळखा.

पहिल्या सुरीसाठी अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीचे जर्नीमन स्मिथ, म्हणजे त्या संस्थेची पहिली परीक्षा पास झालेले कारागीर, बघा. ही संस्था बिल मोरन आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७६ मध्ये काढली. त्यांची परीक्षा दोन भागांत होते. पहिल्या भागात पात्याचा कस: टांगलेला एक इंच जाडीचा दोर एका घावात तोडायचा, दोन-बाय-चार इंचांची लाकडी फळी दोनदा तोडायची, त्यानंतरही त्याच धारेने हातावरचे केस उतरले पाहिजेत, आणि शेवटी पातं शिकंज्यात धरून ९० अंश वाकवायचं. लोक या भागाच्या गोष्टी रंगवून सांगतात. जमवणाऱ्याला उपयोगाचा आहे तो दुसरा: पाच पूर्ण सुऱ्या जाणकारांसमोर मांडायच्या आणि त्यांनी एकेक सांधा, एकेक रेघ तपासायची. पात्यावर ‘जेएस’ असा ठसा असेल तर तो माणूस या दोन्हींतून गेलेला असतो, आणि ‘एमएस’वाल्या मास्टर स्मिथपेक्षा त्याची सुरी सहसा बरीच आवाक्यात असते.

माझी आवड विचाराल तर साधी हंटर, साडेतीन-चार इंचांचं पातं, टँग मुठीच्या आत लपलेला आणि मूठ शिंगाच्या अख्ख्या तुकड्याची. शिंगाच्या मुठीवर दमास्कस पातं (थरांच्या पोलादाचं, नक्षी उमटलेलं) मला कधीच आवडलं नाही. दोन्हीकडे नक्षी, नजर कुठे टेकावी? अनेक जण माझ्याशी भांडतील, भांडोत.

ऑर्डर देणार असाल तर काम सुरू होण्यापूर्वी शिंगाच्या तुकड्याचे चारही बाजूंनी आणि दोन्ही टोकांनी फोटो मागवा. टोकांच्या फोटोत गाभा केवढा ते दिसतं. शिंग किती काळ वाळवलंय तेही विचारा. वर्षानुवर्षं पडून असलेलं शिंग कारागीर अभिमानाने सांगतो. उत्तर टाळलं तर काय समजायचं ते समजा. स्वतःच्या हाताचं माप द्या, कारण शिंगाची मूठ नंतर बारीक करता येत नाही, साल जाते.

घरी आणल्यावर एवढं करा की सुरी चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली द्रव्यं धातूला खातात. पितळी गार्डवर हिरवा थर धरतो आणि कार्बन पोलादावर ठिपके पडतात. म्यान शेजारी, सुरी वेगळी. पात्याला आणि मुठीला रेनेसाँस वॅक्सचा पातळ हात द्या. हे मेण मुळात ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत जुन्या वस्तूंसाठी तयार झालं. तेलात शिंग भिजवत ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, गाभा तेल पितो आणि डाग पडतो. खिडकीतलं ऊन आणि हीटरची धग टाळा, कारण चिरा पडतात त्या दमट-कोरड्याच्या वारंवार फरकाने. आणि कपाटाला फट ठेवू नका. रानात साळिंदर आणि उंदीर कॅल्शियमसाठी गळालेली शिंगं कुरतडतात, घरातल्या उंदरालाही हाडाचं वावडं नसतं.