लेकरू बाद कसं होतं, ते लिहून ठेवा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. परभणीत राहता, लेकरू बारा वर्षांचं, दोन वर्षं क्रिकेट अकॅडमीत जातंय, जिल्ह्याच्या १४ वर्षांखालच्या चाचणीत नाव आलं नाही. ते पुढं सरकतंय की नाही हे आईबापानं ओळखायचं कसं, आणि त्याला आताच पुण्याला ठेवावं का, असं तुम्ही विचारलंय. माझा मुलगा आता अठराचा आहे. आम्ही जालन्याचे. आठ वर्षं मैदानाच्या कडेला बसून मला जे कळलं ते सांगते.

चाचणीचं मनाला लावून घेऊ नका. बारा वर्षांचं लेकरू तिथं चौदाव्या वर्षातल्या पोरांसमोर उभं असतं. त्या वयात दोन वर्षांत पोरं केवढी उंच होतात, ते तुम्ही घरीही पाहत असाल.

खरा प्रश्न ओळखायचं कसं हा. पहिली दोन वर्षं मी फक्त धावा विचारल्या. तो दारात आला की माझा पहिला शब्द, "किती केल्यास?" कमी झालेल्या दिवशी तो घरात यायचाच नाही, पायरीवर बसून बुटाच्या नाड्या सोडत राहायचा. दहा-दहा मिनिटं. नाड्या कधीच्या सुटलेल्या असायच्या. आज ते आठवलं की जीव कासावीस होतो, कारण तेव्हा मला वाटायचं की मी त्याच्या खेळात लक्ष घालतेय.

एका सामन्याला स्कोअरर आला नाही. मी गणिताची शिक्षिका, म्हणून आयोजकांनी वही माझ्यापुढं सरकवली. त्या दिवशी पहिल्यांदा प्रत्येक चेंडू पाहिला. त्यानं १४ धावा केल्या, पण ४१ चेंडू खेळला, आणि त्यातले निम्मे नव्या, म्हणजे खेळायला अवघड चेंडूवरचे होते. आदल्या आठवड्यात त्यानं ३८ केल्या होत्या आणि आम्ही पेढे वाटले होते. त्या डावात त्याचे तीन झेल सुटले होते, हे मला मागून कळलं. म्हणजे १४ चा डाव चांगला होता, आणि त्या दिवशी घरी सगळे गप्प बसले होते.

मग मी दोनशे पानी वही केली. प्रत्येक डावाला एकच ओळ: किती चेंडू खेळला, खेळपट्टीवर मॅट अंथरलेली होती का टर्फ, म्हणजे मातीची दाबलेली खेळपट्टी होती, गोलंदाज वेगवान होता का फिरकी, आणि बाद कसा झाला. धावा मुद्दाम लिहिल्या नाहीत. वर्षाच्या शेवटी पान उलटून पाहिलं. मॅटवर तो अकरा वेळा बाद झाला होता, बहुतेक झेल देऊन. टर्फवर आठ वेळा, आणि त्यात सहा वेळा बोल्ड किंवा पायचीत.

वही कोचसरांना दाखवली. ते बराच वेळ त्या पानाकडं पाहत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, हा मागं थांबतोय." कडक जमिनीवर अंथरलेल्या मॅटवर चेंडू एकसारखा आणि उंच उसळतो. चांगल्या टप्प्यावरचाही पोटापर्यंत येतो. मग लेकरू मागच्या पायावर राहून कट आणि पुल हे आडव्या बॅटचे फटके शिकतं, आणि मॅटवर ते बरोबरच असतं. टर्फवर तोच टप्पा नडगीच्या उंचीनं येतो. बॅट खाली येईपर्यंत यष्ट्या गेलेल्या असतात.

आपल्याकडं बहुतेक पोरं मॅटवर आणि सिमेंटवरच वाढतात. टर्फला चिकणमाती लागते, रोलर लागतो आणि सगळ्यात आधी पाणी लागतं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्याच उन्हाळ्यात हायकोर्टानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवायला लावले. असल्या मुलखात लेकरांच्या खेळपट्टीवर पाणी मारा, असं कुणाला सांगणार? यात कोचचा दोष नाही. पण चाचणी किंवा पुढचे सामने टर्फवर असतील, तर आपल्या लेकराला तो फरक आधी माहीत असायला हवा.

उपाय स्वस्त निघाला. आठवड्यातून दोन दिवस मॅट गुंडाळायची, खालच्या मुरमाच्या पट्टीवर बादलीभर पाणी शिंपडायचं आणि पंधरा पावलांवरून जुना सीझन बॉल, म्हणजे चामड्याचा कडक चेंडू, खाली राहील असा टाकायचा. त्याला पाय पुढं टाकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पुढच्या मोसमात टर्फवर नऊ वेळा बाद झाला, त्यात बोल्ड-पायचीत तीनदाच. पण दादा, धावा त्या वर्षी वाढल्या नाहीत. त्या एक वर्षानं वाढल्या. नुसत्या धावा मोजत बसले असते तर ज्या वर्षी तो सगळ्यात जास्त सुधारला, त्याच वर्षी मी त्याला बोलले असते.

आता माझी मोठी चूक. मी कुंपणापाशी उभी राहून ओरडायचे, "पाय पुढं, पाय पुढं!" नंतर लक्षात आलं की प्रत्येक चेंडूनंतर तो माझ्याकडं बघतोय. गोलंदाज मागं वळून चालत जात असताना फलंदाजानं क्षेत्ररक्षण बघायचं असतं, आईचा चेहरा नाही. तेव्हापासून मी लांब लिंबाखाली बसते. एसटीतून परत येताना तो डबा उघडेपर्यंत सामन्याचा विषय काढत नाही. आधी तोच बोलतो, आणि मी विचारण्याआधी जे सांगतो ते जास्त खरं असतं.

बॅटचं एक. पुढं चालेल म्हणून मोठ्या मापाची घेऊ नका. पाच फुटांच्या आसपासच्या लेकराला सहा नंबर पुरते. जड बॅट असली की खालचा हात जोर करतो, बॅट आडवी येते, आणि ती सवय मोडायला पुढं फार दिवस जातात. आणि तो वेगवान गोलंदाजी करत असेल तर सलग पाच षटकांच्या वर टाकू देऊ नका. कंबर दुखते म्हणाला तर तेल चोळून परत मैदानात पाठवू नका, हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. वाढत्या वयात मणक्याच्या हाडाला बारीक तडा जातो आणि तो विश्रांतीशिवाय भरत नाही.

पुण्याचं विचारलंत. आपले जिल्हे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेत येतात आणि तिचं स्टेडियम गहुंज्याला, म्हणून सगळ्यांची धाव तिकडं असते. पुढच्या पायऱ्या म्हणजे १६ वर्षांखाली विजय मर्चंट करंडक, १९ खाली कूचबिहार, २३ खाली सी. के. नायडू. पहिली पायरी अजून दोन-तीन वर्षांवर आहे. या वयात लेकराला घरचं जेवण, शाळा आणि रात्री पाय दाबून देणारं माणूस लागतं. पंधराव्या वर्षापर्यंत मी पाठवणार नाही. वही दर वर्षी चांगली होत गेली आणि इथला सराव खरंच तोकडा पडायला लागला, तर मग विचार करा.

आमच्या जालन्याच्या विजय झोलनं २०११ मध्ये कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ केल्या. २०१४ च्या १९ वर्षांखालच्या विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता. तरीही भारताच्या मोठ्या संघाचं दार त्याला उघडलं नाही. एवढ्या गुणी पोराचं जिथं सांगता येत नाही, तिथं बारा वर्षांच्या लेकराचं आज कोण सांगणार? आणि बीडच्या सचिन धसचा फेब्रुवारी २०२४ मधला १९ वर्षांखालच्या विश्वचषकाचा उपांत्य सामना आठवा. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध २४५ चा पाठलाग, ४ बाद ३२, तिथून ९६. तो डाव आम्ही घरात सगळ्यांनी उभं राहून पाहिला. शतक चार धावांनी हुकलं, पण भारत दोन गडी राखून जिंकला. माझा मुलगा आजही त्या डावाचं सांगतो ते पहिल्या वीस चेंडूंचं.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. कुणी "दाखल्यावर वय कमी करून देतो" म्हणालं तर त्या माणसाची पायरी पुन्हा चढू नका. आम्हालाही एकानं विचारलं होतं. १६ वर्षांखाली बीसीसीआय मनगटाचा एक्स-रे काढून टीडब्ल्यू-३ पद्धतीनं हाडाचं वय पाहते. पण पकडलं जाण्याचं सोडा, लेकराला तो खोटेपणा रोज डोक्यावर घेऊन खेळायला लागतो.

आमची वही आता तोच लिहितो. परवाच्या ओळीत "टर्फ, फिरकी, ६७ चेंडू, यष्टिचीत" असं आहे, आणि खाली पेन्सिलीनं "पुढं गेलो हे बरोबर, फार पुढं गेलो".

तुमच्या पोराच्या अकॅडमीत मॅट आहे का टर्फ, आणि शेवटच्या पाच डावांत तो कसा बाद झाला, तेवढं लिहा. आठवत नसेल तर त्यालाच विचारा, त्याला नक्की आठवत असेल.