सहा बाय तीनचा बॅनर घरीच करायचा तर

प्रश्न : ताई, आमच्या महिला बचत गटाला प्रदर्शनात स्टॉल मिळालाय. नाचणीचे पापड, कुळीथ पीठ आणि कोकमाचं आगळ विकतो. मागच्या वेळी मोबाइलवर बॅनर बनवून दुकानात व्हॉट्सॲपने पाठवला, तो छापून आला तेव्हा सगळा धुरकट. या वेळी मुलीच्या लॅपटॉपवर करायचा विचार आहे. फुकटचं कुठलं सॉफ्टवेअर चालेल? माप सहा बाय तीन फूट. फोटो, सगळ्या मालाची नावं, भाव, गटाचं नाव, नोंदणी क्रमांक, अध्यक्ष-सचिवांची नावं, एवढं सगळं बसवायचंय.
— बचत गटाच्या सचिव, ता. कुडाळ

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण धुरकट छपाईपेक्षा मोठी अडचण तिथे आहे. प्रदर्शनात माणूस चालता चालता बॅनर वाचतो. दोन पावलं टाकेपर्यंत जे कळेल तेवढंच कळतं. म्हणून मोठ्या अक्षरांत एकच ओळ ठेवा : ‘नाचणीचे पापड’. त्याखाली लहान अक्षरांत कुळीथ पीठ आणि आगळ. खालच्या कडेला गटाचं नाव, गाव आणि मोबाइल नंबर, तोही पाच-पाच आकडे सुटे करून. भाव बदलतात, ते स्टॉलवरच्या खडूच्या पाटीवर लिहा. नोंदणी क्रमांक पाकिटाच्या लेबलवर शोभतो. गटातल्या बायकांची नावं मात्र गाळू नका. राबणाऱ्यांची नावं दिसलीच पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. टेबलासमोर लावायला एक वेगळा कागद करा आणि त्यावर सगळ्यांची नावं घाला. तिथे गिऱ्हाईक उभं असतं, त्याला वाचायला सवड असते.

आता सॉफ्टवेअर. गिंप घ्या. १९९५ साली बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी ते लिहायला घेतलं आणि आजही ते पूर्ण मोफत आहे. विंडोजवर चालतं, मराठी अक्षरं न मोडता दाखवतं.

बॅनर का धुरकट आला, ते आकड्यांत बघा. फ्लेक्सला इंचाला ७२ पिक्सेल, म्हणजे चित्राचे बारीक ठिपके, मिळाले तरी काम भागतं, कारण तो कुणी नाकाजवळ धरून बघत नाही. म्हणजे फुटाला ८६४. सहा बाय तीन फुटांना ५१८४ बाय २५९२ पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र साधारण १६०० पिक्सेल रुंदीवर येतं. ते सहा फूट ताणलं की इंचाला जेमतेम बावीस पिक्सेल उरतात. छापणाऱ्याचा यात काही दोष नसतो.

तेव्हा फाईल मेन्यूतून न्यू घ्या, रुंदी ५१८४, उंची २५९२ टाका, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये रेझोल्युशन ७२ करा. वरच्या आणि डावीकडच्या पट्टीवरून माऊसने ओढून मार्गरेषा आणा आणि चारही बाजूंनी तीन-तीन इंच, म्हणजे २१६ पिक्सेल, मोकळे सोडा. कडेला दुमड येते, आयलेट (दोरी ओवायच्या धातूच्या कड्या) ठोकतात, दोरी ओढली की कड सुरकुतते. नंबरचा शेवटचा आकडा तिथे जाऊ देऊ नका.

अक्षरं केवढी ठेवायची याचा पाटी रंगवणाऱ्यांचा अंदाज असतो : दर दहा फूट अंतराला एक इंच. साठ फुटांवरून ‘नाचणीचे पापड’ वाचता यायला हवं तर अक्षर सहा इंच, म्हणजे ४३२ पिक्सेल. पण फॉन्ट साइझच्या रकान्यात ४३२ टाकून सहा इंच मिळत नाहीत. त्या आकड्यात वरच्या वेलांटीची, खालच्या उकाराची जागा धरलेली असते. अक्षराचं अंग त्याहून बरंच लहान उतरतं. म्हणून ४३२ पिक्सेल अंतरावर दोन आडव्या मार्गरेषा टाका आणि शिरोरेषा वरच्या रेषेला व ‘प’चा पाय खालच्या रेषेला टेकेपर्यंत साइझ वाढवत न्या. माझे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. ते आधी निळीत बुडवलेलं सूत ताणून शिरोरेषा मारायचे, मग अक्षरं खाली उतरवायचे. मराठी अक्षर वरच्या रेषेला लटकतं, त्यामुळे मी अजूनही मांडणी वरून जुळवते, आणि ओळींत एवढी जागा सोडते की खालच्या ओळीची वेलांटी वरच्या उकाराला भिडणार नाही.

फॉन्ट मुक्ताचा जाड प्रकार घ्या. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेला, मोफत आणि लांबून स्वच्छ दिसणारा आहे. थोडा गुबगुबीत, हसरा हवा असेल तर त्यांचाच बालू आहे. दोन्ही एकत्र नकोत.

फोटो फाईल मेन्यूतल्या ओपन ॲज लेयर्सने आणा, म्हणजे तो स्वतंत्र थरावर बसतो आणि अक्षरांना धक्का न लावता हलवता येतो. अडीच फूट रुंद फोटोला २१६० पिक्सेल लागतात. बारा मेगापिक्सेलच्या मोबाइलचा मूळ फोटो चार हजार रुंद असतो, तो भरपूर झाला. तोच फोटो मैत्रिणीने चॅटवरून पाठवलेला असेल तर पुरणार नाही. मूळ मागवा. फोटो लहान करताना कोपऱ्यातून ओढा आणि लांबी-रुंदीची साखळी जोडलेली ठेवा, नाहीतर गोल पापड लंबगोल होतो. पापडाच्या कडेने कातरून मागचं उडवायचा मोह आवरा. तळलेल्या पापडाची कड खडबडीत असते, नवख्या हाताने कातरली की पांढरी किनार राहते. परातीत मांडलेले पापड, सकाळच्या उजेडात काढलेला सरळ चौकोनी फोटो त्याहून कितीतरी भूक चाळवतो.

रंगासाठी एक परीक्षा सांगते. कलर्स मेन्यूत डीसॅच्युरेट आहे. पार्श्वभूमीचा थर निवडून ते चालवा, मग अक्षरांच्या थरावरही चालवा. सगळं करडं झाल्यावर अक्षरं तितक्याच ठसठशीतपणे वाचता आली तर रंग पास. हिरव्यावर लाल अक्षरं इथेच नापास होतात. नाचणीच्या तपकिरी-मरून रंगावर फिकट पिवळी अक्षरं उठून दिसतील आणि मालालाही जवळची वाटतील. मग कंट्रोल-झेडने रंग परत आणा. स्क्रीनवरचा झगझगीत निळा आणि पोपटी छपाईत मंद पडतात, त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. झूम १२.५ टक्क्यांवर आणा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघा. तिथून पहिली ओळ वाचता आली पाहिजे.

काम गिंपच्या स्वतःच्या एक्ससीएफ फाईलमध्ये सेव्ह करा, पुढच्या प्रदर्शनाला तीच उघडता येईल. छपाईसाठी एक्स्पोर्ट ॲज वापरून टिफ किंवा ९५ दर्जाची जेपीईजी काढा. पेन ड्राइव्ह नेता आला तर उत्तम, नाहीतर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून नव्हे. आणि ‘सहा बाय तीन, आडवा, आयलेटसह’ हे लिहून द्या.

प्रश्न : मी कॉलेजच्या कार्यक्रमांचे बॅनर फोटोशॉपमध्ये करतो. मराठी मजकूर पेस्ट केला की ‘कि’ची वेलांटी अक्षराच्या मागे जाते, जोडाक्षरं फुटतात. कधी कधी तर इंग्रजी अक्षरांचा गिचमिडकाला दिसतो.
— विद्यार्थी, लातूर

उत्तर : हे दोन वेगळे आजार आहेत. वेलांटी मागे जाते तेव्हा मजकूर बरोबर असतो, फोटोशॉपचं अक्षरजुळणीचं इंजिन चुकीचं लागलेलं असतं. थोड्या जुन्या आवृत्तीत एडिटमधल्या प्रेफरन्सेसमध्ये टाइप उघडा आणि वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा. आणखी जुन्या आवृत्तीत त्याच जागी मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन असं लिहिलेलं दिसेल. मग फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा आणि नव्या फाईलमध्ये मजकूर पेस्ट करा. अलीकडच्या आवृत्त्या हे आपणहून करतात.

इंग्रजी गिचमिडकाला दिसला तर तो मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. त्यात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असतात. फॉन्ट बदलला की चित्रं जातात, रोमन अक्षरं उघडी पडतात. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे फॉन्ट बदलला तरी अक्षर तेच राहतं त्या पद्धतीत, बदलून घ्या आणि पुढचं सगळं टायपिंग युनिकोडमध्येच करा.

छापायच्या आधी दोन गोष्टी डोळे लावून तपासा. ‘दुसऱ्या’, ‘कार्यकर्त्यांच्या’, ‘विजेत्यांना’ असे शब्द बॅनरवर हमखास येतात आणि ‘दुसऱ्या’तला अर्धा र रफार होऊन बसलेला मी फार ठिकाणी बघते. इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकावर शिफ्ट-जे दाबून नुक्त्याचा ऱ घ्या, मग हलन्त, मग य. दुसरं, ‘ल’ आणि ‘श’चं वळण. पुष्कळ फॉन्ट ही अक्षरं हिंदी वळणाने दाखवतात. फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतील तर मजकुराची भाषा मराठी केल्यावर आपलं वळण येतं. गिंपमध्ये टेक्स्ट टूलच्या पर्यायांत भाषेचा रकाना आहे. टिरो देवनागरी मराठी या फॉन्टमध्ये ते आधीपासूनच मराठी आहे. लातूरच्या कॉलेजच्या दारावर मराठी अक्षर मराठी वळणाचंच लागावं, याबाबतीत मी हट्टी आहे.

प्रश्न : वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमासाठी दर वर्षी नवा फ्लेक्स करतो. एका दिवसाने तो अडगळीत जातो. काही उपाय?
— ग्रंथपाल, वाई

उत्तर : आहे. बॅनरवर साल, तारीख आणि पाहुण्यांचं नाव छापूच नका. वाचनालयाचं नाव, स्थापनेचं वर्ष आणि ‘वार्षिक समारंभ’ एवढंच कापडावर छापून घ्या. कापडाच्या छपाईला खर्च थोडा जास्त येतो, पण ते घडी घालून ठेवता येतं. डिझाइन करतानाच खाली आडवी एक फुटाची रिकामी पट्टी सोडा आणि त्या मापाची वेगळी फाईल बनवा, बॅनर सहा फूट रुंद असेल तर ५१८४ बाय ८६४ पिक्सेलची. दर वर्षी फक्त ती छापून टाचायची. फ्लेक्सच घेणार असाल तर जाडी विचारा. १ जुलै २०२२ पासून देशात १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकच्या आणि पीव्हीसीच्या बॅनरना बंदी आहे. आणि तो वाचनालयाच्या आवाराबाहेर, रस्त्यावर लावायचा असेल तर नगरपालिकेची परवानगी आधी काढा. परवानगीचा क्रमांकही त्या एक फुटाच्या पट्टीवरच टाका.