एमबीएत समाज कुठे शिकवतात?

प्रश्न : मुलगी एमबीए करतेय, घरी आली की नुसतं पॅकेज आणि प्लेसमेंट. धंद्याचा समाजाशी काही संबंध असतो हे हिला कोण शिकवणार?

उत्तर : ताई, पॅकेजची काळजी तिला असणारच, फी काय थोडी असते का! पण तिला लिज्जतबद्दल जरूर सांगा. १९५९ साली गिरगावात ७ जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले, मग पद्धतच पडली, केंद्रावरून मळलेलं पीठ घरी न्यायचं, लाटून वाळवून पापड परत आणून द्यायचे, आणि लाटणारी प्रत्येक बहीण मालकीण, नफा-तोटा सगळ्यांचा. सीएसआरचे, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी नफ्यातून समाजकामावर खर्चायचे, २ टक्के कायद्यात आहेतच हो, पण मला तरी उरलेले ९८ कुणाच्या घरी जातात हाच खरा प्रश्न वाटतो. तिला म्हणावं, प्रोजेक्टला हाच विषय घे.